सार्वकालिक शिक्षा आणि दोन मराठी मनें

ख्रिस्ती धर्माविषयीं मराठी माणसांनीं गेल्या दोनशें वर्षांत जें लिहिलें त्याचा मोठा भाग खंडनमंडनाचा आहे, आणि खंडनमंडन हें साहित्य म्हणून फारसें टिकत नाहीं. वाद जिंकला तर त्याचा ग्रंथ कपाटांत जातो, हरला तर रद्दींत जातो. मोरभट दांडेकरांनीं १८३१ सालीं मुंबईंत डॉ. विल्सन यांच्याशीं केलेला वाद, किंवा विष्णुबोवा ब्रह्मचारी यांनीं १८५७ सालीं समुद्रकांठीं पाद्र्यांशीं केलेलीं संभाषणें, यांना आज अभ्यासकांवांचून वाचक उरलेला नाहीं. या ढिगाऱ्यांत एक प्रश्न मात्र अजून धगधगतो. मोजक्या वर्षांच्या आयुष्यांत, अपुऱ्या बुद्धीनें केलेल्या पापाला न संपणारी शिक्षा न्याय्य कशी ठरते? आणि शास्त्रांत तसें लिहिलेलें असेल, तर त्या लिहिण्याचा अर्थ ठरविण्याचा अधिकार कोणाचा?

पहिला प्रश्न नीळकंठशास्त्री गोऱ्हे यांनीं विचारला, दुसरा पंडिता रमाबाईंनीं. गोऱ्हे यांचा 'शास्त्रतत्त्वविनिर्णय' हा संस्कृत ग्रंथ १९५१ सालीं उज्जयिनीस छापून प्रसिद्ध झाला. रमाबाईंचा पत्रव्यवहार भगिनी जेराल्डीन यांनीं जमवून ठेविला होता, तो प्रा. अ. भि. शहा यांच्या संपादनानें १९७७ सालीं महाराष्ट्र राज्य साहित्य-संस्कृति मंडळानें छापला. दोन्ही ग्रंथ मराठी माणसांच्या मनाचे, आणि दोहोंपैकीं एकहि मराठींत नाहीं. एक संस्कृतांत, दुसरा इंग्रजींत. आमच्याकडील धर्मचिंतनाचें हें दुर्दैव जुनें आहे, त्याबद्दल येथें अधिक रडत बसत नाहीं.

दोघांचाहि पुण्याशीं संबंध होता, आणि तोहि आमच्या स्वारगेटच्या बाजूशीं. (स्वारगेट हें नांव घोडेस्वारांवरून पडलें असें सांगतात, स्वर्गावरून नव्हे, पण स्वर्गनरकाचा वाद करणाऱ्यांचा राबता याच अंगाला असावा, ही गंमत आहे खरी.) स्वारगेटहून गुरुवार पेठेकडे थोडें चालत गेलें कीं पंचहौदाचें देऊळ लागतें. ऑक्सफर्डजवळच्या काउली येथील पाद्र्यांनीं आणि वाँटेज येथील भगिनींनीं एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत तेथें आपलें ठाणें मांडलें. आज तें देऊळ १९७० सालीं स्थापन झालेल्या उत्तर भारतीय मंडळीकडे आहे. गोऱ्हे काउलीकरांच्या संप्रदायांत वावरले. रमाबाई पुण्यांत या मंडळींच्या ओळखीनें वाँटेजला गेल्या. म्हणजे दोघांनाहि ख्रिस्ती धर्म भेटला तो अमक्याच घराण्याचा : परंपरेला, धर्मगुरूच्या अधिकाराला आणि पंथाच्या ठराविक मतसूत्रांना फार जपणारा. हें लक्षांत ठेविलें नाहीं तर पुढील पत्रें निव्वळ रुसव्याफुगव्याचीं वाटतात.

१८३९ सालीं जॉन म्यूर या स्कॉटिश मुलकी अधिकाऱ्यानें 'मतपरीक्षा' हा ग्रंथ संस्कृत श्लोकांत लिहून पंडितांपुढें टाकला. शास्त्रें बुद्धीनें पारखून घ्यावीं, असें त्यांतील गुरु शिष्यास शिकवितो आणि पारखतां पारखतां त्याला ख्रिस्ती शास्त्राच्या दारांत आणून सोडतो. या ग्रंथास जीं उत्तरें आलीं त्यांतील सर्वांत कसदार उत्तर काशींत राहणाऱ्या एका चित्पावन तरुणाचें होतें. १८२५ सालीं जन्मलेल्या नीळकंठानें तें १८४४-४५ च्या सुमारास लिहिलें. वय विशीच्या आंतबाहेर. वय पाहतां अभिनिवेश अधिक असावयाचा, पण मांडणी थंड डोक्याची आहे. त्याचें म्हणणें असें : तुमच्या मतें जीव पूर्वकर्मावांचून नव्यानेंच निर्माण होतो, मग जन्मतःच दिसणाऱ्या सुखदुःखाच्या विषमतेला कारण कोणतें? मुकीं जनावरें दुःख भोगतात तीं कोणत्या अपराधाबद्दल? आणि कोण कोठें जाणार हें आधींच जाणणारा ईश्वर जीव निर्माण करतो, त्याला एकच जन्म देतो, आणि त्या जन्मांतील अपराधाबद्दल कधींच न संपणारा नरक देतो. त्याला दयाळु म्हणावें तर निर्दय कोणाला म्हणावें?

यावर एक गोष्ट सुचवावीशी वाटते. ती ग्रंथांत या शब्दांत नाहीं, तो आमचा तर्क आहे. न्यायशास्त्राच्या शिस्तींत वाढलेल्या पंडिताला 'सार्वकालिक शिक्षा' ही कल्पना क्रूर वाटण्यापूर्वींच अशक्य वाटली असावी. जें उत्पन्न होतें तें नाश पावतें, हा आमच्या शास्त्रकारांचा जवळजवळ सार्वत्रिक नियम. आरंभ आहे पण अंत नाहीं, अशी एकच गोष्ट नैयायिक मानतो, आणि ती वस्तूच नव्हे. तो अभाव आहे. घट फुटला, त्याचा प्रध्वंस झाला. हा प्रध्वंस आज सुरू झाला, पण तो संपणार कधींच नाहीं, कारण तोच घट पुन्हा होणें नाहीं. म्हणूनच नैयायिकांनीं मोक्षाचें लक्षणहि दुःखाचा आत्यंतिक ध्वंस असें केलें : न संपणारा मोक्ष हवा तर तो अभावरूपच असला पाहिजे, हें त्यांनीं जाणलें. आतां नरकांतली वेदना ही भावरूप. ती अमुक दिवशीं सुरू होते आणि पुढें संपतच नाहीं, असें म्हणणें म्हणजे न्यायाच्या चौकटींत न बसणारा पदार्थ कल्पिणें होय.

मौज अशी कीं ख्रिस्ती जगांतच एक पक्ष असा आहे, ज्याचें मत या चौकटींत बरोबर अर्धें बसतें. पाप्याला अनंतकाळ जाळीत ठेवलें जात नाहीं, तर त्याचा नाश होतो, आणि तो नाशच कायमचा असतो, असें हा पक्ष म्हणतो. इंग्लंडांत एडवर्ड व्हाइट यांनीं एकोणिसाव्या शतकांत हें मत आग्रहानें मांडलें. शिक्षा 'सार्वकालिक' खरी, पण ती प्रध्वंसासारखी. अर्धें बसतें म्हणण्याचें कारण, नैयायिकाचा आत्मा नित्य आहे. त्याचा ध्वंस होऊं शकत नाहीं. एका दारानें आंत घेतलेला पाहुणा दुसऱ्या दारानें बाहेर जातो!

१८४८ सालीं जौनपुरास नीळकंठशास्त्र्यांनीं बाप्तिस्मा घेतला आणि ते नेहेम्या झाले. १८६० सालीं त्यांचा 'षड्दर्शनदर्पण' हा हिंदी ग्रंथ निघाला. फिट्झएडवर्ड हॉल यांनीं १८६२ सालीं त्याचें इंग्रजी भाषांतर केलें. हिंदु षड्दर्शनांवर इतकी आंतून केलेली टीका दुसरी क्वचित् सांपडेल. मग तरुणपणच्या त्या आक्षेपाचें काय झालें? कित्येक चरित्रकार अशा ठिकाणीं 'प्रकाश पडला' म्हणून मोकळे होतात. आमच्या मतें गोऱ्हे यांनीं शास्त्र बदललें, प्रमाण बदललें नाहीं. 'शास्त्रतत्त्वविनिर्णया'त त्यांची मुख्य भूमिका अशी होती कीं आधीं श्रद्धा, मग तर्क. शास्त्राच्या मागून तर्कानें चालावें, पुढें धांवूं नये. ही भूमिका त्यांनीं जन्मभर सोडली नाहीं. पूर्वीं शास्त्र म्हणजे वेद, पुढें शास्त्र म्हणजे बायबल. नरक बुद्धीला पटला म्हणून त्यांनीं स्वीकारला नाहीं. शास्त्रांत आहे म्हणून स्वीकारला. असा स्वीकार मनाला स्वस्थ बसूं देत नाहीं. धर्मांतरानंतरहि शंकांनीं त्यांची पाठ सोडली नाहीं हें त्यांच्या चरित्रावरून दिसतें, आणि १८९५ सालीं मुंबईस देहावसान होईपर्यंत तपस्व्यासारखें राहणाऱ्या या माणसाच्या मुद्रेवरची ती उदासी समजूं शकते. उलट ज्या म्यूरनें त्यांना या वादांत ओढलें, तो पुढें बायबलाच्या ऐतिहासिक चिकित्सेला अनुकूल झाला. शिष्य जेथें पोंचला तेथून गुरु केव्हांच निघून गेला होता.

इंग्लंडांत या काळांत काय चाललें होतें तें थोडक्यांत सांगतों. १८५३ सालीं फ्रेडरिक मॉरिस यांना लंडनच्या किंग्ज कॉलेजांतील अध्यापकाची जागा गमवावी लागली. अपराध एवढाच कीं 'सार्वकालिक' या शब्दाचा अर्थ 'न संपणारा' असाच नाहीं, असें त्यांनीं लिहिलें. १८६० सालच्या 'एसेज अँड रिव्ह्यूज' या निबंधसंग्रहावरून खटले झाले, आणि १८६४ सालीं प्रिव्ही कौन्सिलनें निर्णय दिला कीं पाप्यांना शेवटीं क्षमा होईल अशी आशा धरणें हा इंग्लंडच्या चर्चांत दंडनीय अपराध नाहीं. लॉर्ड चॅन्सेलर वेस्टबरी यांनीं नरकाचा दावा खर्चासह काढून टाकला, असा विनोद त्यावरून झाला. सुमारें ११,००० पाद्र्यांना मात्र हा विनोद रुचला नाहीं. सार्वकालिक शिक्षेवर आपला विश्वास आहे असें लिहून त्यांनीं सह्या केल्या. नरक रद्द होऊं नये म्हणून एवढ्या सुशिक्षित माणसांनीं अर्ज करावा, हा मानवी स्वभावाचा एक चमत्कारच. पुढें १८७७ सालीं वेस्टमिन्स्टर ॲबींत फ्रेडरिक फॅरर यांनीं या विषयावर प्रवचनें दिलीं आणि १८८० सालीं वृद्ध पुसी यांनीं त्यांना उत्तर लिहिलें. हे फॅरर मुंबईस, १८३१ सालीं, एका मिशनऱ्याच्या पोटीं जन्मलेले; आणि वाँटेज व काउली हीं दोन्ही घरें पुसींच्या पक्षाचीं.

रमाबाईंचा बाप्तिस्मा वाँटेजला २९ सप्टेंबर १८८३ रोजीं झाला. त्यानंतरच्या दोन-तीन वर्षांतला त्यांचा भगिनी जेराल्डीन यांच्याशीं, आणि चेल्टनहॅमच्या मुलींच्या कॉलेजच्या प्रमुख डोरोथिया बील यांच्याशीं झालेला पत्रव्यवहार हा या संग्रहाचा गाभा. वाङ्मय म्हणून पाहिलें तर यांत तीन स्वर स्पष्ट वेगळे ऐकूं येतात. जेराल्डीन प्रेमळ आहेत, कष्टाळू आहेत, आणि आपल्या मानसकन्येचा प्रत्येक प्रश्न त्यांना गर्वाचा अंकुर वाटतो. संग्रहाला त्यांनीं स्वतः जोडलेल्या टिपांतहि हा सूर लपत नाहीं. बीलबाईंना शंकेची भीति नाहीं. शंका हा श्रद्धेच्या वाढीचा टप्पा आहे असें मानून त्या लिहितात, आणि कधीं कधीं इतक्या उदार होतात कीं मुद्दा हातांतून सुटतो. रमाबाईंचें इंग्रजी साधें, थोडें ओबडधोबड, पण वाक्य पडतें तें नेमकें मर्मावर. क्रूसावर लॅटिन अक्षरांऐवजीं संस्कृत अक्षरें असलीं तर काय बिघडलें, हा त्यांचा प्रश्न वरवर किरकोळ आहे. परंतु पवित्र अर्थ कोणत्या भाषेच्या मालकीचा, हा सबंध वाद त्यांत आलेला आहे.

त्यांचा मुख्य आक्षेप नरकावर नव्हता, त्रैक्यावर होता, हें प्रामाणिकपणें सांगितलें पाहिजे. तरी दोन्ही प्रश्न एका ठिकाणीं येऊन मिळतात. तें ठिकाण म्हणजे अथनाशियसच्या नांवानें चालणारें मतसूत्र. त्रैक्याचें हें सूत्र जो जसेंच्या तसें मानणार नाहीं त्याचा कायमचा नाश होईल, असें त्याच्या आरंभीं व शेवटीं बजाविलें आहे. इंग्लंडच्या प्रार्थनापुस्तकांत तें कांहीं ठराविक सणांना म्हणावयाचें असे, आणि १८७० च्या आसपास तें वगळावें कीं ठेवावें यावर तेथेंहि मोठें रण माजलें होतें. येथें शिक्षा आचरणाला नाहीं, मताला आहे. चोरी केली म्हणून नव्हे, तर एका सूक्ष्म तात्त्विक वाक्याला होकार दिला नाहीं म्हणून. रमाबाईंनीं हें सूत्र बायबलांत नाहीं म्हणून नाकारलें. आपण भारतांतल्या पुरोहितवर्गाचें जूं मोठ्या कष्टानें मानेवरून काढून टाकलें आहे, तसलेंच दुसरें जूं आतां मानेवर घेणार नाहीं, अशा आशयाचें त्यांनीं जेराल्डीन यांना कळविलें. शास्त्र मान्य; त्याचा अर्थ सांगणारा मध्यस्थ अमान्य.

म्हणजे गोऱ्हे यांच्या नेमकें उलट. त्यांनीं शास्त्र बदललें व प्रमाण राखलें. रमाबाईंनीं प्रमाणच बदललें. अनंतशास्त्री डोंगरे यांच्या मुलीनें, जिला बापानें लोकनिंदा सोसून संस्कृत शिकविलें, तिनें दुसरें कांहीं केलें असतें तरच नवल. हा बाप १८७४ सालीं, दुष्काळांत, देवांचीं नांवें घेत, बाप्तिस्म्यावांचून गेला. आई व बहीणहि त्याच्या मागोमाग गेल्या. अथनाशियसच्या सूत्रापुढें या तिघांची गति काय, असें रमाबाईंनीं विचारलें किंवा नाहीं तें सोडा. परंतु ज्या वाचकाच्या मनांत तीं पत्रें वाचतांना हा प्रश्न उभा राहणार नाहीं, त्यानें तीं पत्रें वाचलींच नाहींत.

आतां शब्दांकडे वळूं. कारण हा वाद अखेर शब्दांचा आहे. ग्रीक मूळांत जें विशेषण आहे, 'आयोनिओस', तें 'आयोन' म्हणजे युग यापासून झालें. हिब्रूंतील 'ओलाम' हा शब्दहि असाच, दूरच्या, नजरेपलीकडच्या काळाचा वाचक. मत्तयाच्या पंचविसाव्या अध्यायांत शिक्षेला आणि जीवनाला एकच विशेषण लाविलें आहे, तेव्हां जीवन न संपणारें तर शिक्षाहि न संपणारी, असा ऑगस्टिनचा युक्तिवाद. तो तोडणें सोपें नाहीं, आणि फॅरर यांनींहि तो आमच्या मतें पुरता तोडला नाहीं. मराठी बायबलांत यासाठीं 'सार्वकालिक' शब्द रूढ झाला. शब्द चांगला आहे, पण त्यानें युगाची छटा पार पुसून टाकली. 'गेहेन्ना' हें यरुशलेमेबाहेरच्या एका दरीचें नांव. त्याला 'नरक' म्हटलें. मेलेल्यांच्या छायामय स्थानाला 'अधोलोक' म्हटलें. येथें भाषांतराची एक विलक्षण थट्टा झाली आहे. आमच्या पुराणांतला नरक हें मुक्कामाचें ठिकाण आहे, वस्तीचें नव्हे. भागवतांत अठ्ठावीस नरक मोजले आहेत. गरुडपुराणांतल्या यातना ऐकून लहानपणीं कोणाचा थरकांप झाला नसेल? पण भोग संपला कीं जीव तेथून निघतो. 'सार्वकालिक नरक' हे दोन शब्द शेजारीं बसविणें म्हणजे हिंदु कानाला कायमच्या धर्मशाळेसारखें ऐकूं येतें. पाद्र्याला जी भीति घालावयाची होती, ती त्याच्या शब्दानेंच अर्धी कमी केली.

यावरून आमच्या सुशिक्षित वाचकांना बरें वाटेल, आणि तेथेंच त्यांना थांबविलें पाहिजे. सार्वकालिक अधोगति आमच्याकडे मुळींच नव्हती असें नाहीं. मध्वाचार्यांच्या संप्रदायांत कांहीं जीव स्वभावतःच तमोयोग्य मानले आहेत. त्यांना अंधतमसांतून सुटका नाहीं. हा संप्रदाय कोठें दूर नाहीं, सोलापूर-कोल्हापुराकडे त्याचीं घरें आहेत. गीतेच्या सोळाव्या अध्यायांतल्या आसुरी जीवांच्या अधोगतीचा अर्थ ते तसा लावतात. ज्ञानेश्वरांनीं त्याच अध्यायावर घनघोर वर्णन केलें, पण ग्रंथ संपवितांना जें मागितलें तें दुष्टांचा नाश व्हावा असें नव्हे, त्यांचा दुष्टपणा जावा असें. एकाच श्लोकांतून दोन आचार्य दोन दिशांना जातात. हा भेद शब्दाचा नाहीं, वाचणाराचा आहे. दुसरें असें कीं, आमचा मर्यादित दंड नेहमींच मोठा उदार असे असेंहि नाहीं. १८९० सालीं याच पंचहौद मिशनमध्यें रानडे-टिळकांसारखी मंडळी चहाला गेली आणि त्या पेल्यापायीं ग्रामण्य माजलें. अखेर प्रायश्चित्तावर प्रकरण मिटलें. चहाला प्रायश्चित्त असतें. पोटच्या विधवा मुलीला आयुष्यभर कोंडून ठेवणाऱ्याला तें कोणीं सांगितल्याचें ऐकिवांत नाहीं.

अर्थ लावण्याच्या शास्त्रांत आमचे मीमांसक कोणाला हार जाणारे नव्हते. त्यांनीं वचनांचे विधि आणि अर्थवाद असे भाग केले. अमुक कर, हा विधि. तें केल्यास अमुक लोक मिळेल, न केल्यास अमुक होईल, हा बहुधा अर्थवाद : त्याचें काम माणसाला विधीकडे ढकलणें, परलोकाचा नकाशा काढणें नव्हे. निंदा ही निंदेसाठीं नसून विधीच्या स्तुतीसाठीं असते, असा त्यांचा न्यायच आहे. हा न्याय लावून मत्तयाचा तो पंचविसावा अध्याय वाचला तर काय दिसतें? राजा माणसांना दोन बाजूंस उभें करतो, पण कोणालाहि त्याचें मत विचारीत नाहीं. भुकेल्याला अन्न दिलेंत काय, तहानलेल्याला पाणी, परक्याला आसरा, उघड्याला वस्त्र, एवढेंच विचारतो. विधि हा आहे. अथनाशियसच्या सूत्राला येथें कोठेंहि जागा नाहीं. युरोपांतल्या पंडितांनीं शेंकडों वर्षें अग्नीचा काळ मोजण्यांत घालविलीं. अन्नाचा हिशेब मात्र अध्यायांत स्पष्ट असून मागें पडला. गोऱ्हे यांच्या हातांत हें मीमांसेचें हत्यार होतें. त्यांनीं तें बायबलाला लावलें नाहीं. परक्या घरांत आपलीं भांडीं वापरूं नयेत, असा त्यांना संकोच वाटला असावा, किंवा अर्थवाद म्हणून एकदां वचनें सैल करूं लागलों तर शेवटीं हातांत काय उरेल, ही भीति; आणि ती भीति अगदीं निराधार आहे असें आम्ही म्हणणार नाहीं. फॅरर यांच्या गोड आशावादाहून गोऱ्हे यांची कडू निष्ठा आम्हांस वाङ्मयदृष्ट्या तरी अधिक खोल वाटते.

नारायण वामन टिळकांपाशीं आलें कीं हा सगळा प्रश्न मावळतो. १८९५ सालीं, म्हणजे गोऱ्हे वारले त्याच वर्षीं, त्यांचा बाप्तिस्मा झाला. तुकारामाच्या सेतूवरून आपण ख्रिस्ताकडे आलों असें ते सांगत. त्यांच्या अभंगांत ख्रिस्त माउली आहे, सखा आहे, गुरु आहे; न्यायाधीश क्वचितच. अभंगाच्या छंदालाच नरकाचा धाक सोसत नाहीं कीं काय कोण जाणे. काव्य म्हणून याचा लाभ झाला. विचार म्हणून कांहीं तरी टाळलें गेलें, असेंहि वाटतें.

रमाबाईंची गोष्ट मात्र टिळकांइतकी सुटसुटीत नाहीं. १८९१ नंतर त्यांच्या श्रद्धेला निराळी कलाटणी मिळाली, आणि 'माझी साक्ष' लिहिणाऱ्या १९०७ सालच्या रमाबाई वाँटेजच्या रमाबाईंहून पुष्कळ अधिक अक्षरनिष्ठ आहेत. १८९६-९७ च्या दुष्काळांत त्यांनीं मध्य प्रांतांतून सुमारें तीनशें मुली व बायका आणून केडगांवास पोसल्या. अशा धबडग्यांत त्या हिब्रू व ग्रीक शिकल्या आणि सबंध बायबल स्वतः मराठींत उतरविण्यास बसल्या. अशिक्षित बाईला कळेल अशी भाषा हवी, आणि हिंदु तत्त्वज्ञानाचा वास येणारे संस्कृत शब्द नकोत, हे त्यांचे दोन नियम. कांहीं टीकाकारांना यांत केवळ कट्टरपणा दिसतो. आम्हांस त्यांत वाँटेजचीच रमा दिसते : अर्थ सांगणारा मध्यस्थ नको, तर मूळ भाषा आपणच शिकली पाहिजे, आणि वाचणारणीलाहि मध्यस्थ लागूं नये. मात्र पूर्वींची रमा प्रश्न विचारून थांबत असे, ही उत्तर गृहीत धरून चालते; हा फरक झांकतां येत नाहीं.

५ एप्रिल १९२२ रोजीं त्या वारल्या तेव्हां काम हातावेगळें झालेलें होतें. तें छापून १९२४ सालीं बाहेर पडलें. या भाषांतरावर शैलीच्या अंगानें पुष्कळ बरेंवाईट बोललें गेलें आहे. आमची मागणी निराळी आहे. ग्रीक, हिब्रू आणि मराठी तिन्ही जाणणाऱ्या एखाद्या तरुण अभ्यासकानें १८११ सालचा श्रीरामपूरचा मराठी नवा करार, पुढचें मुंबईचें रूढ भाषांतर आणि रमाबाईंचें भाषांतर शेजारीं ठेवून निदान दहा शब्दांचा तौलनिक कोश करावा : नरक, अधोलोक, सार्वकालिक, नाश, न्याय, क्षमा, तारण, आत्मा, पाप, जीवन. प्रत्येक शब्दापाशीं कोणत्या भाषांतरकारानें काय घेतलें, काय टाकलें आणि कोठें अडखळला, हें लिहावें. गोऱ्हे यांच्या संस्कृत ग्रंथाचें सटीप मराठी भाषांतरहि त्यालाच जोडून व्हावें. मुळांत तो ग्रंथ लहानच आहे. एका उन्हाळ्याच्या सुटींत होण्याजोगें काम आहे.